त्याच मार्गाने उत्तर

पेपरवेट अण्णांच्या कानामागे लागलं तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण नगरपालिकेच्या आवक रजिस्टरात वेळेचा रकाना असतो आणि आवक-जावक बघणारी ताई कुठलाच रकाना रिकामा सोडत नसे. टेबलांवर बाहेरून जे येईल त्याची नोंद करायची, असा नियम. पेपरवेट साहेबांच्या केबिनमधून येई, म्हणजे बाहेरूनच. आजवरचं हे अडतिसावं.

अण्णा खुर्चीसकट आडवे झाले. कान अर्धा लोंबत होता. नळजोडणीच्या अर्जांवर रक्त पसरायला लागलं, तसे त्यांनी पडल्या पडल्याच कोरडे अर्ज बाजूला सरकवले. ताई रुमाल घेऊन धावली, तर म्हणाले, "आधी नोंद कर पोरी. कानाचं मग बघू."

आधीचे साहेब फार सज्जन. होईल हो सावकाश, एवढंच म्हणायचे, आणि अर्ज सावकाश पिवळे पडायचे. हे साहेब नेतृत्वाच्या दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले, प्रमाणपत्र फ्रेम करून खुर्चीमागे टांगलं आणि त्याच दुपारी टंकलेखकाचे दोन दात पाडले. तेव्हापासून या ऑफिसात एक कागद पडून राहिलेला नव्हता. मागच्या महिन्यात पाण्याच्या टाकीला जन्मदाखला गेला, पण मुदतीत गेला. वरून शाबासकीचं पत्रही आलं.

कारकून एका हाताने लिहीत आणि दुसऱ्या हाताने फायलीचा जाड पुठ्ठा डोक्यावर धरत. टेबलं सेवाज्येष्ठतेप्रमाणे लावलेली. नवा माणूस केबिनच्या दारासमोर, जुना पार भिंतीशी. अण्णा सगळ्यांत मागे. पण रोजच्या सरावाने साहेबांचा पल्ला वाढला होता. त्यात शुक्रवारी निवृत्त व्हायचं म्हणून अण्णांनी सगळं सरकारी सामान कालच स्टोअरला जमा केलेलं. पुठ्ठ्यासकट.

शुक्रवारपर्यंत चार दिवस होते, म्हणजे निदान चार पेपरवेटं. आज कान गेला. कानापासून डोळा चार बोटांवर, हे ताईने रुमाल दाबताना नीट पाहून घेतलं.

साहेब दारात आले. डाग पडलेले अर्ज आजच्या आज नव्याने करा, असं त्यांनी अण्णांना बजावलं. मग ताईकडे वळून माझी परिपत्रकं कुणी वाचतं का, की भेळ बांधायला नेता, असं विचारलं. ई-मेलने आलेल्या एका पत्राला तिने काल पोस्टाने उत्तर धाडलं होतं.

"आलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर त्याच दिवशी, त्याच मार्गाने," साहेब म्हणाले. "सोपंच लिहिलंय ना मी?"

"हो साहेब."

साहेब जाऊन खुर्चीत बसले. ताई अण्णांजवळ पडलेलं पेपरवेट उचलून आपल्या जागेवर आली. साहेबांचं खरंच होतं. आलेली सदतीस पेपरवेटं तिने फडक्याने पुसून, हातांनी नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवली होती. सदतीस वेळा चुकीचा मार्ग.

तिने जावक रजिस्टर उघडलं. क्रमांक टाकला. विषयाच्या रकान्यात 'आपलेकडील आजचे' असं लिहिलं. वेळ घातली, अकरा वाजून सोळा. पेनाला टोपण लावलं, उभी राहिली आणि फेकलं.

साहेबांच्या जबड्यातून वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. ते खुर्चीसकट मागच्या भिंतीवर आदळले. वरची फ्रेम सुटून त्यांच्या टाळूवर फुटली, आणि साहेब काचांसकट टेबलाखाली घसरले. एक बूट तेवढा बाहेर दिसत होता. तो थोडा वेळ हलला.

पेपरवेट टेबलावर दोनदा उसळलं, घरंगळत केबिनबाहेर आलं आणि ताईच्या चपलेशी थांबलं. तिने वाकून उचललं. केबिनमधून आलं होतं, नोंद करावी लागणार होती.

वर पाहते तर सगळे पुठ्ठे फिरले होते. आजवर ते केबिनच्या बाजूला असत. आता ते तिच्या बाजूला होते, आणि त्यांच्याखाली पेनं पळत होती, साहेबांच्या काळातही पळाली नव्हती इतकी.

ती भिंतीकडे निघाली. वाटेतले दोघे खुर्चीतल्या खुर्चीत आणखी खाली सरकले.

"अण्णा, चला, दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली. "टाके घालावे लागतील."

अण्णा उठून बसले होते. रक्त कॉलरमधून आत उतरत होतं. एका हाताने त्यांनी डाग पडलेली फाईल डोक्यावर धरली आणि दुसऱ्या हाताने नवे लिहिलेले अर्ज तिच्यापुढे सरकवले. नजर तिच्या हातातल्या पेपरवेटवर.

"झालेच मॅडम," ते म्हणाले. "दोनच राहिलेत."