पेशंट गेले

आमच्या रामदासपेठेतल्या दवाखान्यात पेशंट बरा होऊन निघाला, की काउंटरवर मी कॉम्प्युटरचं एक बटण दाबते. तेवढ्यावर वॉर्डात चादर बदलायला बाई पोचते, खाली ताटकळलेल्या पेशंटला बेड मिळतो आणि घरच्यांना मेसेज जातो. त्या मेसेजचं मराठी गेल्या आठवड्यात मीच केलं होतं. शुद्धलेखन दोनदा तपासलं होतं. मंगळवारी बारा नंबरचे धोंडबा पिशवी घेऊन उठले आणि मी बटण दाबलं. दहा मिनिटांत नरखेडकडच्या त्यांच्या गावाहून बायकोचा, अंजनाबाईंचा फोन आला. नुसता हंबरडा. मध्येच एवढंच कळलं, "कवा गेले वं बाई?" मी मेसेज उघडला. 'आपले पेशंट धोंडबा गेले. बेड रिकामा झाला आहे.' धोंडबा अजून दारातच ऑटोची वाट पाहत उभे होते. धावत जाऊन मी फोन त्यांच्या कानाला लावला. "अवं, मी जित्ता आहो! रडून काहून राहिली?" मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला. अंजनाबाई म्हणाल्या, "'सुट्टी झाली' असं लिहा ना बाई. समदे तसंच म्हनतेत. मी तं मेसेज वाचून भाताखालचा गॅस बंद केला." "चुकलं माझं, मावशी," मी म्हणाले. फोन चालूच होता. पलीकडून लायटरची टकटक ऐकू आली.