वरणाची वाटी

ओजसने भातावर वरण ओतलं, त्यातच बटाट्याची भाजी कालवली आणि मोठा घास घेतला. त्याच्या आईचे, मृदुलाचे, डोळे भरून आले.

"बाबा, बघतोस काय असा? नजर लागेल माझ्या जेवणाला!"

हेमंतने नजर आपल्या ताटाकडे वळवली. उन्हाळ्यापर्यंत हा मुलगा जेवताना बोलत नसे. भाताला वरण लागलं, तर ताट सोडून उठत असे. मग स्वमग्नतेवरचा उपाय म्हणून त्याच्या मानेवर हार्मोनची पट्टी लागली. मेंदूतल्या पेशींवर जोडण्यांचे बारीक काटे असतात. लहानपणी गळायचे राहिलेले जादा काटे आता गळतील, असं डॉक्टर म्हणाले होते. ते गळले.

त्याआधी बापलेक रोज समोरासमोर बसून मुकाट्याने जेवायचे. आधी भाजी-पोळी, मग कोरडा भात, शेवटी वाटीतलं वरण. हेमंतला तेव्हा कधी एकटं वाटलं नव्हतं. आता ओजस शाळेतल्या गमती सांगत होता आणि हेमंत नुसते त्याचे हलणारे ओठ बघत होता.

"आई, बाबाचं ताट बघ गं! कशाला काही लागलेलं नाही. मी अस्साच होतो ना?"

मृदुला हसली. मग हसू थांबवून तिने ते ताट पाहिलं, आणि नंतर बराच वेळ नवऱ्याकडे.

"हेमंत," ती हळूच म्हणाली, "मोठ्यांसाठीही पट्टी निघालीय म्हणे."

हेमंतने वाटी उचलून भातावर उपडी केली. सगळं नीट कालवलं आणि घास गिळला.

"छान झालंय वरण," तो म्हणाला.