नाव घेतलं

चेन्नईत, अड्यारच्या घराचा वरचा मजला भाड्यानं मागायला एक जोडपं आलं. बायकोचे दिवस भरत आले होते. तरुणानं नाव सांगितलं, "शरीफ." घरमालकीण सीतालक्ष्मीचे यजमान ताठ झाले. "तंबी, आम्ही तंजावरची मराठी माणसं. आमच्या दारावर अरबी नाव लागायचं नाही!"

जोडपं जायला उठलं. सोमवारच्या उपासाची सीतालक्ष्मी देवघरातून बाहेर आली, वरची किल्ली तिनं त्या पोरीच्या मुठीत ठेवली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याचं नाव घेतलं.

"अहो सरफोजीराव, शरीफ म्हणजे थोर. शिवाजीमहाराजांचे काका शरीफजी. त्याचंच बोलता बोलता तंजावरात सरफोजी झालं. त्या नावाशी मी जन्मभर सुखानं संसार केलाय. वर आणखी एक शरीफ राहिला तर कुठं बिघडलं?"