तीन पॉइंटचा बोर्ड

डोळे मिटा बघू. जतच्या बाजारात विजेच्या सामानाचं एक दुकान आहे आणि तुम्ही तिथं उभे आहात, असं समजा. उद्या एस.टी.नं सांगलीला विज्ञान प्रदर्शनाला जायचंय. वायर आपली आपण आणायची, असं कळवलंय. दुकानदारानं लांब वायरीचे दोन बोर्ड पुढं ठेवलेत. एक हलका, एका पॉइंटचा. दुसरा जड, तीन पॉइंटचा. तुम्ही कुठला घ्याल?

सातवीतल्या नीलिमाला तिचे दादा म्हणाले, "एकाचा घे. प्रदर्शनाचा पंप मांडीवर, पाण्याचा डबा पायात, त्यात आणि हे वझं कशाला?"

"दुसऱ्या कुणाला लागला तर?" नीलिमा म्हणाली, आणि तिनं जड बोर्ड उचलला.

आता डोळे उघडा. हा सांगलीतला हॉल. भिंतीत एकच पॉइंट, तोही सैल. नीलिमानं बोर्डाची वायर उलगडून पिन खोचली, तोवर नानासो सर आले. हॉलची व्यवस्था त्यांच्याकडं होती.

"तीन पॉइंट? बरं झालं!"

एकात त्यांनी टेबलफॅन लावला, परीक्षकांसाठी. दुसऱ्यात स्वागतगीताचा टेप. तिसऱ्यात सांगलीच्याच पुष्करचं दीपगृह.

"सर, माझा पंप?"

"परीक्षक आले की पुष्करचं काढून तुझा लावू. तोवर ती भिंतीतली पिन दाबून धर. हात काढलास तर सगळं बंद पडेल."

नीलिमा भिंतीशी बसली. अंगठ्यानं पिन दाबून धरली. हॉल पोरांनी भरला. पंख्याचा वारा खुर्च्यांकडं जात होता, तिच्याकडं येत नव्हता.

परीक्षक आले. दीपगृहाचा दिवा फिरत होता. त्यांनी पुष्करची पाठ थोपटली. मग ते तिच्या टेबलाशी थांबले. खालच्या डब्यात पाणी भरलेलं, वरची टाकी कोरडी. पंपाची पिन टेबलावर तशीच पडलेली.

"हे चालत नाही का?"

नीलिमानं सरांकडं पाहिलं. सर हसले.

"जतचं आहे साहेब. तिकडं पाणीच नाही, पंप कसला चालतोय!"

परीक्षक खो खो हसले. पुष्कर हसला. मागच्या रांगेतली पोरं हसली, त्यांत नीलिमाच्याच वर्गातल्या दोघी होत्या.

"सर, तुमी म्हणला व्हता..."

"आता गप बस. पिन हलवू नकोस."

परीक्षक पंख्यापुढच्या खुर्चीत बसले. सरांनी टेप लावला. "सुस्वागतम्" सुरू झालं.

तुम्ही काय केलं असतं, ते मला नंतर सांगा. नीलिमानं अंगठा उचलला आणि पिन ओढली.

गाणं घोगरं होत होत बंद पडलं. दीपगृह विझलं.

"लाइट गेली काय रे?" सर ओरडले.

"वायर जतची हाय, सर," नीलिमा म्हणाली. "तिकडं लाइट कुठली?"

या वेळी कुणी हसलं नाही. पंख्याची पाती अजून फिरत होती. ती थांबायच्या आत, घरी आडाचा दोर गुंडाळतात तशी, तिनं कोपरावर वायर गुंडाळायला घेतली.