मळ्यातली थाळी

राजुरीच्या शिवेवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकून बाळासाहेबानं सायकलवाल्याला अडवलं. लॉकडाऊन लागल्यापासून हा बाबा रोज सकाळी आळेफाट्याकडून यायचा, घंटी वाजवत मळ्यावरून जायचा.

"मानसं मरायला लागलीत राव, अन् तुमाला व्यायाम सुचतोय? उद्यापासनं हितं दिसायचं न्हाई!"

"नाही येत, भाऊ. फक्त सकाळी कुणीतरी घंटी वाजवा. मळ्यातल्या खोलीत एक आजी एकट्याच आहेत. घंटी ऐकली की थाळी वाजवून सांगतात, अजून आहे म्हणून."

ती आजी म्हणजे बाळासाहेबाचीच आई. ती पॉझिटिव्ह निघाल्यापासून तो जेवणाचा डबा बांधावर ठेवून लांबूनच मागं फिरत होता. थाळी रोज ऐकू यायची. म्हातारी कोरोना पळवतीय, असं त्याला वाटायचं. जवळ जायचा धीर त्याला त्या दिवशीही झाला नाही.

दुसऱ्या सकाळी घंटी वाजली नाही. तिसऱ्या सकाळी आदल्या दिवसाचा डबा बांधावर तसाच होता.

त्या खोलीला आता कुलूप आहे. बाळासाहेब अजूनही रोज सकाळी सायकलची सुटी घंटी घेऊन बांधावर जातो, एकदा वाजवतो आणि आतून थाळी वाजली की मागं फिरतो.