एकतीस पाउंड

"काका, रात्रीतून मशीनचं वजन वाढलंय," नैना म्हणाली. "थर्टी-वन पाउंड्स."

शॉमबर्गच्या त्या पॅकिंग यार्डात चंद्रशेखरांचं जुनं लेथ मशीन लाकडी चौकटीवर बोल्टने आवळून, अंगभर ग्रीस चोपडून काट्यावर उभं होतं. आता प्लास्टिक चढवायचं, खोका ठोकायचा आणि तीनच्या ट्रकने बंदरावर. तिथून बोटीने मुंबई, मग कराडजवळची टेक्निकल शाळा. चंद्रशेखर तिथेच लेथ शिकले होते.

"शक्यच नाही," चंद्रशेखर म्हणाले. "काल तूच तोललंस ना? मशीन तेच, वजन तेच. काटा बिघडलाय तुझा."

"काटा एकदम फाइन आहे, काका." नैना इथेच जन्मलेली, या यार्डाची मुख्य. "पेपरवर कालचं वजन आहे. मॅच झालं नाही तर बोटीवर घेणार नाहीत. नवीन पेपर करू का? अर्धा तास लागेल."

"पेपरला हात लावायचा नाही! आकडा म्हणजे आकडा."

वसुधा मघापासून छताकडे बघत होती. छतात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"काकू?" नैनाने विचारलं.

"डावीकडचं कपाट उघड," वसुधा पुटपुटली.

मशीनच्या पायात हत्यारं ठेवायची दोन कपाटं होती. डावीकडच्यातून बदामाच्या चार पिशव्या निघाल्या. मग पिस्ते. मग सहा टॉवेल, आणि झिपलॉकचे डबे तर संपेचनात.

"राधिकावन्संसाठी आहे हो," वसुधा म्हणाली. "एवढी जागा रिकामी जाणार होती! मला बघवेना."

चंद्रशेखरांनी कपाळावर हात मारला. "लेथ आहे का चेक-इन बॅग?"

"तुम्ही यायला हो म्हणाला असतात तर बॅगेतूनच नेलं असतं!"

झालं, दुखऱ्या जागी बोट पडलं. शाळेने सहा महिने शिकवायला बोलावलं होतं. वसुधा महिनाभर मागे लागली होती, चला म्हणून. पण वर्कशॉप विकल्यापासून हा माणूस दुपारपर्यंत दाढी करत नव्हता. सोफ्यावर बसून एकच पालुपद, मशीन गेलं की माझं काम संपलं. येणाऱ्या हिवाळ्यापेक्षा वसुधाला त्या सोफ्याचीच जास्त धास्ती वाटायची.

नैनाने पुन्हा तोललं. "अजून पाच पाउंड जास्त आहे."

"माझं नाही हं!" वसुधा उसळून म्हणाली. "देवाशप्पथ. एक पिस्तासुद्धा नाही उरला."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. आता चंद्रशेखर छताकडे बघत होते.

नैना उजव्या कपाटाकडे वळली.

"तिथे काही नाही," ते घाईघाईने म्हणाले. "उगाच वेळ जाईल. ट्रक येईल."

ट्रकला अजून दोन तास होते. नैनाने दार उघडलं. आत प्लास्टिकच्या पिशवीत वर्कशॉपचे बूट होते, बोटांवर लोखंडी टोपी असलेले, डाव्या पायाचा पुढचा भाग सोललेला. नाड्या मात्र कोऱ्या करकरीत, काल-परवा विकत आणल्यासारख्या.

वसुधाने एक नाडी बोटांत धरून पाहिली.

"अहो?"

"तिकडे माझ्या मापाचे मिळत नाहीत," चंद्रशेखर जमिनीकडे बघत म्हणाले.

वसुधाला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. एवढंसं सांगायला या माणसाला महिना लागला, तेही मशीनच्या पोटात लपवून! ती शेजारच्या खोक्यावर टेकली, वाकून आपल्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बूट नैनाच्या हातात दिले.

"हेही ठेव गं आत."

"काकू! मग तुम्ही घरी कशा जाणार?"

"मोज्यांवर."

"पण वजन? पेपरवर—"

"पेपर नवीन कर," चंद्रशेखर म्हणाले. बदामाच्या पिशव्या त्यांनी बॅगेत भरायला केव्हाच काखेत मारल्या होत्या. "आणि नीट लिही. वापरलेले बूट, दोन जोड."