मूळ वेग

“हे बघ, इथे तू वळलास. मोज आता!” भिंगरी म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

पडद्यावर बाबा उंच खुर्चीत गर्रकन वळला, उठला, टोपी भिरकावली आणि थेट पाण्यात सूर मारला.

“तीन सेकंद! रॉकेट आहेस तू, बाबा! आणि लोक म्हणे, आळोखेपिळोखे देत उठला. डोळे आहेत की बटणं?”

बाबा शर्टाला इस्त्री करत होता. एकच बाही चौथ्यांदा. अकरा वाजता त्याला चौकशी समितीपुढे उभं राहायचं होतं.

बाबा जलतरण तलावावर जीवरक्षक होता, गेली सतरा वर्षं. बारा दिवसांपूर्वी त्याने सहा वर्षांच्या एका मुलाला तळातून वर काढलं. मुलाचा श्वास चालू होता. काठावर टाळ्या पडल्या. भिंगरी तिथेच होती. बाबावर रील करायचा म्हणून तिने आधीपासूनच फोन रोखला होता, त्यामुळे सगळंच त्यात आलं. संध्याकाळी तिने ते सजवलं. सुरुवातीला बाबा नुसता खुर्चीत बसलेला. कंटाळवाणं! तो तुकडा तिने आठपट पळवला. उडी मात्र आठपट संथ केली, कारण सूर मारताना बाबा अगदी गरुडासारखा दिसत होता. मूळ आवाज बंद केला, वर दणदणीत संगीत चढवलं आणि नाव दिलं, ‘माझा हिरो’. लाखभर लोकांनी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी तो मुलगा दवाखान्यात दगावला.

मग त्याच लोकांनी तोच रील पुन्हा पाहिला. पोर बुडतंय आणि साहेब निवांत टोपी काढतायत, असं कुणीतरी लिहिलं. तिने हौसेने केलेला संथपणा लोकांना बाबाचा आळस वाटला. बाबाला घरी बसवलं. तेव्हापासून त्याच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच.

आपण घातलेला घोळ आपणच निस्तरायचा, असं भिंगरीने ठरवलं. वेगाची पट्टी मागेपुढे करणं म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. मूळ क्लिप संगणकावर होतीच, फक्त वेग बदललेला. पट्टी शंभर टक्क्यांवर आणली की जे घडलं ते, जेवढ्यात घडलं तेवढ्यात. मग कोण काय बोलतो बघू!

“अरे, पोरगी जिवाचं रान करतेय आणि तू मख्खासारखा उभा,” आत्या स्वयंपाकघरातून ओरडली. “तोंड उघड की जरा!”

“काय उघडू? मला उशीर झाला. तेच सांगणार आहे त्यांना.”

“तीन सेकंद म्हणजे उशीर?” भिंगरी खुर्चीतच उसळली. “थांब, सुरुवातीचा तुकडाही नीट करते, मग बघ.”

“तो राहू दे.”

“राहू दे काय? समितीला अख्खी क्लिप हवीय. न कापलेली, मूळ वेगात, आवाजासकट.”

“पुसली गेली म्हणून सांगू.”

“बाबा! मी खोटं बोलले की दोन दिवस अबोला धरणारा तू, आणि आता तूच?”

बाबाने इस्त्री उभी ठेवली. “भिंगरे, ऐक माझं. नोकरी गेली तर गेली. दुसरी बघेन. तू ते पुसून टाक. आत्ता.”

याने हातपाय गाळलेत, भिंगरीला वाटलं. कुणीतरी खंबीर राहायला हवं ना घरात! तिने पट्टी आठशेवरून शंभरावर ओढली. पाच सेकंदांचा तुकडा रबरासारखा ताणला गेला. चाळीस सेकंद. आवाज अजून बंदच होता. तिने क्लिप सुरू केली.

खुर्चीत बाबा. त्याच्या मागे तलावाचा कोपरा. तिथे काहीतरी लाल होतं. पळवलेल्या तुकड्यात ते नुसतं लुकलुकायचं, तिला तो चेंडू वाटला होता. आता ते सावकाश वर आलं. लाल टोपी. टोपीखाली चेहरा. तोंड आभाळाकडे, उघडं. चेहरा पाण्याखाली गेला. पुन्हा वर आला. हात नाही, हाक नाही, पाणीसुद्धा उडत नव्हतं. पुन्हा खाली.

दहा सेकंद. वीस. आणि बाबा सरळ कॅमेऱ्यात बघत होता.

भिंगरीचं डोकं भणभणलं. “तू हसतोयस?” ती किंचाळली. “तिथे तो... तुझ्या पाठीमागे... आणि तू हसत बसलायस? तुझं काम काय होतं रे?”

“चुकलो मी,” बाबा म्हणाला. तो पुढे आला होता. त्याचा हात माउसकडे जात होता. “माझंच चुकलं. बंद कर ते. आवाज नको लावूस, बेटा.”

पण समितीला आवाज हवा होता, आणि आता तिलाही. तिने त्याचा हात झटकला, क्लिप पहिल्यापासून लावली आणि आवाज सुरू केला.

आधी पाण्याचा खळखळाट. मग, अगदी जवळून, तिचाच खुशीतला आवाज: “बाबा, सारखं पाण्याकडे काय बघतोस? इकडे बघ ना! हां, अस्सं. हस. आता अजिबात हलू नकोस.”